रक्तातील ‘ध’चा ‘मा’
(प्रथिनांच्या रचनेचा एक पाठ)

नारायणराव पेशव्यांच्या वधाची हकीकत आपल्या घराघरांतून सांगितली जाते. मूळ आज्ञेत ‘नारायणरावास धरावे’ असे होते. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अनर्थ घडला, अशी ही आख्यायिका. इतिहासाच्या कसोटीस ती कितपत उतरते हा प्रश्न निराळा. परंतु आपल्या धारशी तिचा एक धागा जुळलेला आहे. पुढे याच आनंदीबाई धारच्या किल्ल्यात राहिल्या आणि १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तेथेच झाला. एका अक्षराने प्राण जातो, हे सांगण्यास मराठीत यापरता चपखल वाक्प्रचार नाही. आज मला सांगावयाची गोष्ट मात्र कागदावरील अक्षराची नसून रक्तातील अक्षराची आहे. आणि तीही धार जिल्ह्यातलीच आहे.

माझ्या वर्गातील विद्यार्थी

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझी नेमणूक धार जिल्ह्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात झाली होती. आठवीच्या वर्गात एक आदिवासी मुलगा होता. गणितात तल्लख, पण दर महिन्यास चार-पाच दिवस गैरहजर. कारण विचारले की एकच उत्तर, “हातपाय दुखत होते, सर.” थंडीत तर त्याच्या गैरहजेरीला सीमा नसे. मी त्यास कामचुकार ठरविले. एका थंडीच्या सकाळी शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या घालावयास लावल्या. तिसऱ्या फेरीस तो पोट धरून खाली बसला, तो उठलाच नाही. त्यास दवाखान्यात न्यावे लागले. रक्ताची तपासणी झाली आणि निदान झाले, सिकलसेल.

मी विज्ञानाचा पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक. हिमोग्लोबिनचा धडा दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. तोच धडा समोरच्या बाकावर बसलेला असता मला वाचता आला नाही. म्हणून हा पाठ आज पुन्हा पहिल्यापासून मांडतो.

वीस अक्षरांची लिपी

आपले स्नायू, केस, त्वचा, अन्न पचविणारे पाचक रस, रक्तातील तांबडा पदार्थ, हे सारे मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असते. आणि प्रथिने बनतात अमिनो आम्लांची. प्रत्येक अमिनो आम्लाच्या मध्यभागी कर्बाचा एक अणू असतो व त्यास चार हात असतात. एका हातास नत्रयुक्त अमिनो गट, दुसऱ्यास आम्लगट, तिसऱ्यास हायड्रोजनचा अणू. हे तिन्ही सर्वांना सारखेच. चौथ्या हातास जे चिकटलेले असते त्यावरून एका अमिनो आम्लाचा स्वभाव दुसऱ्याहून वेगळा ठरतो. ग्लायसिनमध्ये तेथे केवळ हायड्रोजन आहे; सिस्टीनमध्ये गंधक आहे. काहींना पाण्याचा लोभ असतो, तर काही तेलाप्रमाणे पाण्यापासून दूर पळतात. काहींवर विद्युत्भार असतो. हा स्वभावभेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारा खेळ त्याचाच आहे.

शरीराच्या बांधणीत अशी वीस अमिनो आम्ले वापरली जातात. त्यांपैकी नऊ शरीरास स्वतः बनविता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. मक्यात लायसिन कमी, पण डाळीत ते भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, त्याची भर धान्य घालते. आपल्याकडील दाल-बाफले किंवा डोंगरातील आदिवासींचे मक्याचे पानिये आणि डाळ, या जोड्या म्हणूनच शास्त्रशुद्ध आहेत.

मणी, माळ आणि घडी

एका अमिनो आम्लाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटास जोडला जातो. त्या वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व जो सांधा तयार होतो त्यास पेप्टाइड बंध म्हणतात. असे मण्यामागून मणी ओवीत गेले की साखळी होते. जपमाळ म्हणा, तसबीह म्हणा. फरक इतकाच की तेथे सारे मणी सारखे, येथे वीस प्रकारचे, आणि कोणता मणी कितव्या जागी हे ठरलेले. केंब्रिज येथील फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधील ५१ मण्यांचा क्रम प्रथमच उलगडला. त्याबद्दल १९५८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मण्यांचा हा क्रम म्हणजे प्रथिनाची प्राथमिक रचना.

परंतु माळ सरळ राहत नाही. कोठे ती मळसूत्रासारखे वळसे घेते, कोठे तिच्या पट्ट्या शेजारी-शेजारी बसतात. ही द्वितीयक रचना. कोलॅजन या प्रथिनात तीन साखळ्यांचा गोफ असतो. मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली अशी तिपेडी रचना मांडली, ही आपल्या देशास अभिमानाची गोष्ट होय. पुढे सारी माळ आपल्या स्वभावाप्रमाणे घडी घालते. पाण्यास भिणारे मणी बहुधा आत दडतात, पाण्याचे लोभी बाहेर राहतात. ही तृतीयक रचना. अंडे उकडले असता पातळ बलक पांढरा व घट्ट होतो तो ही घडी उसवल्यामुळे. मण्यांचा क्रम तोच राहतो, पण गुण जातो.

काही प्रथिनांत अशा अनेक घड्या एकत्र नांदतात. ती चतुर्थक रचना. हिमोग्लोबिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये १४१ मण्यांच्या दोन अल्फा साखळ्या आणि १४६ मण्यांच्या दोन बीटा साखळ्या, मिळून ५७४ मणी असतात. प्रत्येक साखळीच्या कुशीत लोहाचा एक अणू असतो व तो प्राणवायूचा एक रेणू उचलतो. फुप्फुसांत ओझे घ्यावयाचे, अवयवांत उतरवावयाचे, अशी ही अखंड हमाली चालते.

सहावा मणी

१९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचे प्रसिद्ध केले. त्यावरूनच सिकल, म्हणजे विळा, हे नाव रूढ झाले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की या रोग्यांचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. अर्थात दोष रेणूतच आहे. तो नेमका कोठे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिज येथे १९५६-५७ मध्ये शोधले. बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तेथे व्हॅलिन बसले आहे. बाकी सर्व मणी जेथल्या तेथे आहेत.

आता स्वभावभेद आठवावा. ग्लुटामिक आम्ल विद्युत्भारित आणि पाण्याचे लोभी. व्हॅलिन तेलकट, पाण्यास भिणारे. प्राणवायू उतरविल्यावर हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो. तेव्हा बाहेर राहिलेले हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील एका तेलकट खाचेत जाऊन बसते. त्याला तिसरा चिकटतो, त्यास चौथा. लांब ताठ दोरे तयार होतात व मऊ गोल पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागास रक्त मिळत नाही आणि तेथे असह्य वेदना होतात. थंडी, ताप, अतिश्रम, पाण्याची कमतरता यांनी हे अधिक घडते. माझ्या विद्यार्थ्याचे “हातपाय दुखत होते, सर” याचा अर्थ हा होता; आणि मी त्यास थंडीत पळविले होते.

दोष कोणाचा?

हा रोग स्पर्शाने होत नाही, खाण्यापिण्याने होत नाही, करणीनेही होत नाही. साखळीचा नमुना आईकडून एक व बापाकडून एक येतो. एकच सदोष असल्यास मनुष्य वाहक असतो व सहसा निरोगी आयुष्य जगतो. किंबहुना वाहकास तीव्र मलेरियापासून काही संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. मलेरियाच्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला तो त्यामुळेच. मात्र आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. आज धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या आपल्या पश्चिम पट्ट्यात तो मोठाच प्रश्न आहे. मध्य प्रदेशाची सिकलसेल मोहीम १५ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे झाला व २०४७ पर्यंत निर्मूलनाचे ध्येय ठरले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातील भैंसोला येथे राज्यातील एक कोटीवे तपासणी-कार्ड देण्यात आले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे, पाणी भरपूर प्यावे, थंडीपासून जपावे व ताप अंगावर काढू नये.

त्या मुलाचे पुढे काय झाले हे वाचक विचारतील. तो वाचला, औषधाला लागला, शिकला. लग्न ठरताना त्याने आपला रोग लपविला नाही; मुलीकडील मंडळींस स्वतःच म्हणाला, “आधी तिचे रक्त तपासून घ्या.” तिच्यात दोष नव्हता. म्हणून त्याची दोन्ही मुले वाहक आहेत, परंतु रोगी नाहीत. ही बातमी त्यानेच मला देवासला येऊन सांगितली.

देवासची मंडळी म्हणतील, हा प्रश्न डोंगरातला. परंतु बागलीकडे आपल्याही जिल्ह्यात आदिवासी वस्ती आहे, आणि हा दोष अन्य समाजांतही आढळतो. आपल्या न्यासाच्या सभासदांस विनंती एवढीच, की मुलामुलींची लग्ने ठरविताना पत्रिकेबरोबर किंवा पत्रिकेच्या आधी हे कार्ड मागावे. आणि ज्यांच्या हाती मुले आहेत त्या माझ्या शिक्षकबंधू-भगिनींनी, एखादे मूल हातपाय दुखतात म्हणाले, तर छडी उचलण्यापूर्वी त्यास दवाखान्यात पाठवावे.