यंत्रणा आणि माणसे : चॅलेंजर दुर्घटनेचा धडा

धरण असो, वीजकेंद्र असो वा अंतराळयान, ते उभारताना सुट्या भागांइतकाच त्यांच्या परस्परसंबंधांचाही विचार करावा लागतो. असा साकल्याने विचार करणारी शाखा म्हणजे प्रणाली अभियांत्रिकी. परंतु हे भाग जोडणारी माणसेही परस्परांशी जोडलेली असतात. त्यांच्यातील अधिकार, विश्वास आणि संपर्क हाही यंत्रणेचाच एक भाग होय, असे समाजशास्त्र सांगते. अमेरिकेतील चॅलेंजर या अंतराळयानाची दुर्घटना हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

आदल्या रात्रीची सभा

२८ जानेवारी १९८६ रोजी फ्लोरिडातून झेपावलेले चॅलेंजर ७३ सेकंदांत नष्ट झाले. ख्रिस्टा मॅकॉलिफ या शिक्षिकेसह सात जण मृत्युमुखी पडले. घन इंधनाच्या अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी थंडीमुळे पुरेशी लवचीक राहिली नाही आणि तेथून तप्त वायू बाहेर पडला, हे दुर्घटनेचे तांत्रिक कारण.

हा धोका मात्र अज्ञात नव्हता. आदल्या रात्री यूटा, अलाबामा आणि फ्लोरिडा येथील संबंधितांची दूरध्वनीवरून सभा झाली. तापमान ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा, कमी असल्यास उड्डाण करू नये, अशी शिफारस अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी केली. नासाच्या अधिकाऱ्यांनी तिच्या आधाराबद्दल शंका घेतली. कंपनीने विचारविनिमयासाठी पाच मिनिटे मागितली. ती अर्ध्या तासावर गेली. त्या अवधीत व्यवस्थापकांनी शिफारस फिरविली. सभा पुन्हा सुरू झाली तेव्हा यूटातील असहमत अभियंते बोलले नाहीत, आणि दूरच्या श्रोत्यांना त्यांचे चेहरे दिसत नव्हते. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांपर्यंत मूळ शिफारस पोहोचलीच नाही.

समाजशास्त्राचे निदान

समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी या निर्णयाचा सखोल अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दोष एखाद्या बेपर्वा व्यक्तीचा नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पूर्वीच्या उड्डाणांतही कड्यांची झीज आढळली होती. परंतु प्रत्येक वेळी यान सुखरूप परतले, आणि झीज ‘स्वीकारार्ह’ ठरत गेली. या प्रक्रियेला त्यांनी ‘विचलनाचे सामान्यीकरण’ म्हटले. शिवाय, आकड्यांचा आधार नसलेल्या शंकेला तेथील कार्यसंस्कृतीत वजन नव्हते.

हा धडा पुरता गिरविला गेला नाही. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी कोलंबिया यानाच्या पंखावर फेसाचा तुकडा आदळला. पंखाची छायाचित्रे मिळविण्याची अभियंत्यांची विनंती व्यवस्थेतच अडकली. १ फेब्रुवारी रोजी परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सात जणांचा अंत झाला. अपघाताला फेसाइतकीच संघटनेची कार्यसंस्कृतीही कारणीभूत होती, असा निर्वाळा चौकशी मंडळाने दिला.

सर्वांसाठी बोध

सांघिक कार्य म्हणजे केवळ एकमत नव्हे. कनिष्ठाची शंका मूळ शब्दांत वरपर्यंत जाण्याची वाट आखून ठेवावी लागते. सभेतील मौनाला संमती न समजता प्रत्येकाचे मत नावानिशी विचारावे आणि भिन्नमत इतिवृत्तात नोंदवावे. मागच्या वेळी निभावले म्हणून दोष क्षम्य मानू नये. पाणीपुरवठा योजना असो वा शाळेची इमारत, हे पथ्य सर्वत्र सारखेच आवश्यक आहे.