भुऱ्याचा चेहरा

चि. मुक्तास,


परवा फोनवर म्हणालीस, "मामा, भुऱ्याला आपली चूक बरोबर कळते. मी ऑफिसातून आले तर चप्पल फाडलेली आणि हा कान पाडून कोपऱ्यात." मग तू त्या पिल्लाला फैलावर घेतलंस. तेव्हा मी बोललो नाही, कारण मागून तुझ्या आईची सरबत्ती चालू होती. म्हणून हे पत्र.

चप्पल गेली ती गेली, पण तो चेहरा तू चुकीचा वाचलास. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ साली यावर एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा कुत्री होती. मालकाने समोर खाऊ ठेवून "खायचं नाही" असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला खाऊ मिळायचा, कधी नाही. परतलेल्या मालकाला मात्र कधी खरं सांगायचे, कधी खोटं. निघालं असं, की तो अपराधी चेहरा खाऊ खाल्ल्यामुळे होत नव्हता, मालक रागावल्यामुळे होत होता. ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं ती कुत्री तर बोलणी बसल्यावर जास्तच ओशाळी दिसली. भुऱ्याचंही तेच. आधी एकदोनदा असं झालं असणार. फाटकी वस्तू पडलेली असताना ताई घरात आली की काहीतरी वाईट होतं, एवढंच तो शिकलाय. आपण फाडलं म्हणून ती चिडते, हा हिशेब त्याच्या डोक्यात नाही.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माझा जन्म गेला. टेबलावर ठेवलेलं कुत्रं लांबलचक जांभई द्यायचं आणि मालक हसून म्हणायचा, "झोप आली बघा त्याला, साहेब." झोप कसली! ते घाबरलेलं असायचं. जांभई, पुन्हा पुन्हा जिभेने नाक चाटणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघणं, ही सगळी भीतीची बोली. ती न कळल्यामुळे माणसं जवळ जातात, मग चावा बसतो आणि दोष कुत्र्याला लागतो. तू आठवडाभर भुऱ्याकडे नुसतं बघ. नाव काही देऊ नकोस, "लबाड आहे", "सूड घेतो" वगैरे. काय दिसलं तेवढंच मनात टिप. हे वाटतं तेवढं सोपं नाही. मला नोकरीची निम्मी वर्षं लागली.

आता तुझ्याबद्दल. माझ्याच बहिणीची लेक तू, स्वभाव कुठून आला ते मला ठाऊक आहे. तुमच्याकडे राग शिल्लक टाकतात. सोमवारचा राग शुक्रवारी निघतो, तोही भलत्याच माणसावर. भुऱ्यापुढे हे चालणार नाही. जे घडलं आणि त्यावर तू जे केलंस, त्यांत एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की त्याच्या लेखी त्यांचा संबंध संपला. चपलेला दात लावताना सापडला तर तेवढ्यात "नाही" म्हण, चघळायला दुसरं काही पुढे कर, ते धरलं की शाबासकी दे. विषय तिथेच संपव. संध्याकाळी उगाळू नकोस. ही सवय हाताला लागली की ऑफिसातल्या हाताखालच्या मुलाशीही जरा वेगळं बोलशील, असा माझा अंदाज आहे. बघ, पटलं तर.

आणखी एक. काल पलंगावर घेतलं आणि आज पलंगावर चढला म्हणून ओरडलीस, असं करू नकोस. नियम दोनच ठेव, पण घरातल्या सगळ्यांचे एकच असू देत. आईलाही सांग, ती वरून रागावते आणि खालून पोळी सरकवते.

चावण्याचा त्रास फार दिवस राहणार नाही. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात. फरशीवर तांदळाच्या कणीसारखं काही सापडलं तर घाबरू नकोस. अठ्ठावीस जाऊन बेचाळीस येतात, एवढा उद्योग चाललाय बिचाऱ्याच्या तोंडात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून चप्पल.

सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस लावतो म्हणाले ना? भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाच. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही. पण तो कागद त्यांच्या तोंडावर फेकायला जाऊ नकोस. खाली नेशील तेव्हा पिशवी बरोबर ठेव आणि त्याची शी स्वतः उचल. हक्क असूनही चार पावलं मागे घ्यायला तू कधी शिकली नाहीस, कारण तुझ्यावर तशी वेळच आली नाही. आता रोज सकाळी येईल.

रेबीजची पहिली लस झाली, बरं झालं. पुढची तारीख लसीच्या पुस्तिकेत आहे, चुकवू नकोस. खेळता खेळता त्याचा दात लागून रक्त आलं, तर हळद-बिळद लावत बसू नकोस. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. लस झालेलं पिल्लू आहे म्हणून हे टाळू नकोस. चॉकलेट, द्राक्षं, कांदा यातलं काही त्याच्या तोंडात जाऊ देऊ नकोस. आईच्या पोळीला माझी हरकत नाही, फक्त ती जेवणाच्या वेळी आणि त्याच्या ताटलीत.

पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, तेव्हा त्याचे कान तपासतो.

तुझा,
आप्पामामा