सिंहगड : सहाशे मीटरचं गणित

रविवारी रात्री मेसमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो – "कितीत चढलास?" कोणी पंचेचाळीस मिनिटं सांगतो, कोणी पन्नास. दीड तास म्हणणाऱ्याची अशी काही टिंगल होते की तो बिचारा पुढच्या रविवारी येतच नाही. म्हणून म्हटलं, आपण इंजिनिअर होणार आहोत ना, तर या चढाईचा एकदा नीट हिशोब मांडूया. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

चढताना

आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंतची पायवाट साधारण ६०० मीटर उंची चढते. तुमचं वजन ६० किलो आणि सॅक ५ किलो धरा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे ३८२ किलोज्यूल, म्हणजे ९१ किलोकॅलरी येतात. एवढंच? नाही. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के. म्हणजे प्रत्यक्षात ३६५ ते ४५५ किलोकॅलरी खर्च होतात. बाकीची सगळी उष्णता!

आता वेळ बघा. एका तासात चढलात तर पॉवर सुमारे १०६ वॅट, चाळीस मिनिटांत चढलात तर १५९ वॅट. काम तेवढंच, पण हृदयाला आणि फुप्फुसांना दीडपट वेगाने पुरवठा करावा लागतो. शिवाय एका तासात चढताना शरीराला सव्वातीनशे वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकायची असते, तर चाळीस मिनिटांत चढताना पावणेपाचशे. आपला रेडिएटर म्हणजे घाम. एवढी उष्णता घालवायला निदान अर्धा लिटर घाम वाळावा लागतो, आणि जो नुसता टपकतो तो फुकट जातो. म्हणून दमट हवेत त्याच वेळेचा हट्ट धरू नये. पाणी थोडं थोडं, पण सुरुवातीपासून प्या.

वेग किती ठेवायचा? सोपी कसोटी आहे. चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. एकेक शब्द तुटत असेल तर कमी करा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा अंगावर काटा येऊन थंडी वाजली, तर तिथेच सावलीत बसायचं आणि सोबतच्याला सांगायचं. "थोडंच राहिलंय, चल" असं त्याला कोणीही म्हणायचं नाही.

उतरताना

चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं. मंगळवारी होस्टेलचा जिना उलटं तोंड करून उतरणारे पाहिलेत ना? तेच! लहान पावलं टाका, गुडघा किंचित वाकवून ठेवा आणि पळू नका. सुट्या मातीवर घसरायला एक क्षण पुरतो.

तयारी

यासाठी जिम लागत नाही. एक मजला ३ मीटरचा धरला तर सिंहगड म्हणजे २०० मजले. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जाणं म्हणजे ९ मीटर, म्हणजे असे सुमारे ६७ फेरे. पहिल्या आठवड्यात एका वेळी १० फेरे करा, मग दर आठवड्याला पाच-पाच वाढवा. महिन्याभरात २५ वर याल, आणि उतरण्याचा सरावही आपोआप होईल.

शेवटी एक सांगतो. १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्रीच्या अंधारात कडा चढून या गडावर गेले. वर पोचणं हे त्यांचं काम नव्हतंच. खरं काम वर पोचल्यावर सुरू होणार होतं. अंगात ताकद शिल्लक ठेवून चढणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं. आपल्याला तर वर जाऊन फक्त पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दहीच खायचंय!

तेव्हा पुढच्या रविवारी मेसमध्ये "कितीत चढलास?" याऐवजी "सगळे नीट उतरलात ना?" असं विचारूया. आणि त्या दीड तासवाल्यालाही हाक मारा. ग्रुपचा वेग तोच ठरवेल.