जुने ओमेगा स्पीडमास्टर ओळखताना: काय करावे, काय टाळावे

काय करावे

• आधी मागचे झाकण उघडवून आत कोरलेला संदर्भ क्रमांक वाचा, मगच आवृत्तीचे नाव तोंडातून काढा.

• झाकण घड्याळजीकडूनच आणि नेमक्या पान्यानेच उघडवा. पाना घसरला तर ओरखडा कायमचा.

• संदर्भ क्रमांक शेवटच्या दोन आकड्यांसकट लिहून घ्या, 105.012-65 आणि 105.012-66 ही संग्राहकासाठी दोन वेगळी घड्याळे आहेत.

• आतले मऊ लोखंडाचे दुसरे झाकण जागेवर आहे का, पाहा. चुंबकत्व अडवणारे हे झाकण दुरुस्तीच्या टेबलावरच राहून जाऊ शकते.

• मशीनवर कोरलेला क्रमांक भिंगातून वाचा आणि संदर्भ क्रमांकाच्या काळाशी पडताळा. झाकण आणि मशीन यांचे जन्मसाल जवळपास हवे.

• विकणारा 145.012 म्हणत असेल, तर मशीनचा क्रमांक साधारण अडीच कोटींच्या आसपास आहे ना, तपासा.

• मशीन 321 आहे की 861, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा: 321 मध्ये बुरुजासारखे उभे दात असलेले कॉलम व्हील दिसते, 861 मध्ये त्याचे काम सपाट कॅम करतो.

• कानही वापरा: 321 चे तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, 861 चे 21,600, म्हणजे सहा.

• 1968 हे साल पक्के धरा. 321 चे 145.012 संपून 861 चे 145.022 त्याच सुमारास सुरू होते.

• मशीनचा रंग पाहा: 321 आणि सुरुवातीचे 861 तांबूस असतात, चंदेरी 1861 मात्र 1990 च्या दशकात आले.

• पट्टा अडकवायचे कान तपासा: 105.003 पर्यंत सरळ, 105.012 पासून वळणदार.

• घड्याळ समोरून धरून डावी-उजवी बाजू ताडून पाहा. उजवीकडे चावीला आडोसा देणारा फुगवटा असेल, तर ते 105.012 किंवा त्यानंतरचे.

• व्यास स्वतः मोजा: CK2915 साधारण 38.6 मिलिमीटर, CK2998 39.7, आणि आडोसावाली घड्याळे 42 च्या आसपास.

• 105.012-66 हातात आले तर झाकणाच्या आत ‘एचएफ’ आहे की ‘सीबी’, ते शोधा. केस दोन कारखान्यांतून येत, आणि ‘सीबी’च्या कानांवर एक पैलू जास्त असतो.

• काट्यांचा क्रम पाठ करा: CK2915 ला रुंद बाण, CK2998 ला भाल्याच्या पात्यासारखे अल्फा, 105.003 पासून सरळ पांढरे.

• मधल्या लांब सेकंदकाट्याचे शेपूट पाहा: थेंबासारखे असेल तर बहुधा 1960 च्या दशकातले, चपटे असेल तर नंतरचे.

• ‘प्रोफेशनल’ हा शब्द तबकडीवर शोधा, 105.003 वर तो नसतो, 105.012 वर असतो.

• ओमेगाचे चिन्ह धातूचे वेगळे बसवलेले आहे की रंगाने छापलेले, हे तिरप्या उजेडात पाहा, 145.022-69 पासून ते छापील झाले.

• धातूचे चिन्ह आणि 861 मशीन एकत्र दिसले तर दचकण्यापूर्वी झाकण वाचा; 145.022-68 हे संक्रमणातले घड्याळ नेमके असेच असते.

• तबकडीच्या कडेची पायरी बोटाने नव्हे, नजरेने शोधा. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या तबकड्यांना ती असते, नंतर नाही.

• तासांच्या खुणांवरचा चमकणारा लेप कुठवर पोहोचतो, ते पाहा. लांब खुणा जुन्या, आखूड खुणा 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या.

• सहाच्या खालची बारीक ओळ भिंगातून वाचा: ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल तर लेप ट्रिटियमचा.

• तबकडीवरच्या आणि काट्यांवरच्या लेपाचा रंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. सोबत म्हातारे झालेले भाग बहुधा सारखेच पिवळे पडतात.

• अंधारात दिवा मारून लेप तपासा. साठ वर्षांचे ट्रिटियम मिनिटभर लख्ख उजळत राहिले, तर ते साठ वर्षांचे नाही.

• बेझलवरच्या 90 पाशी थांबा: बिंदू नव्वदच्या शून्यावर असेल तर ती 1970 च्या आसपासपर्यंतची जुनी बेझल, शून्याच्या शेजारी असेल तर नंतरची.

• त्याच बेझलवर 70 चा बिंदूही पाहा. जुन्या बेझलवर तो आकड्याला तिरपा असतो, आणि नकला करणारे इथे चुकतात.

• सुरुवातीच्या CK2915 ची बेझल स्टीलची कोरीव असते, हे लक्षात ठेवा. काळी बेझल 2915-3 पासून आली.

• बेझलवर ‘बेस 1000’ असे लिहिले आहे का, ते वाचा: असेल तर अगदी सुरुवातीची, मोजमाप 500 पासून सुरू होत असेल तर नंतरची.

• काचेच्या मध्यभागी ओमेगाचे इवले चिन्ह शोधा. ते असेल तर काच कंपनीची आहे, जुनीच आहे असे नव्हे.

• बटणांची जाडी मोजून घ्या, 145.012 ची बटणे आधीच्यांपेक्षा मोठी असतात.

• झाकणाची बाहेरची बाजू शेवटी, पण नीट वाचा: समुद्री घोडा आधीपासून आहे, चंद्राचा उल्लेख 1969 नंतरचा.

• चंद्राचा मजकूर सरळ ओळींत असेल तर जरा थांबा, 145.022-69 च्या काही मोजक्याच घड्याळांवर तो तसा होता, नंतर तो गोलाकार झाला.

• स्टीलच्या चेनच्या कडीवरचा शिक्का वाचा. त्यात तिमाही आणि साल दोन्ही असतात.

• चेनचा आणि टोकाच्या जोडांचा क्रमांक वेगवेगळा नोंदवा: 7912 ला 6, 1039 ला 516, 1171 ला 633.

• सोन्याचे BA145.022 कोणी दाखवले तर गडद लाल बेझल आणि झाकणावरचा अनुक्रमांक दोन्ही पाहा. ही घड्याळे 1969 ते 1973 दरम्यान एकूण 1,014 च झाली.

• प्रत्येक भागासमोर त्याचा अंदाजे काळ लिहा आणि मगच निकाल द्या. एक भाग बदललेला चालतो, पण चार भाग चार सालांचे असतील तर ती खिचडी आहे.

• बदललेल्या भागांचीही किंमत लावा. नंतरची बेझल बसवलेले अस्सल 105.012 घेण्यासारखे असते, फक्त स्वस्त हवे.

• फोटो मागताना सहा मागा: समोरून, दोन्ही कडांवरून, झाकणाच्या बाहेरून, झाकणाच्या आतून आणि मशीनचा.

काय टाळावे

• ‘मूनवॉच’ या एका शब्दावर पैसे मोजू नका. आजही दुकानात मिळणाऱ्या नव्या घड्याळाला हेच नाव आहे.

• ‘चंद्रावर गेलेले मॉडेल’ ऐकून 145.022 घेऊ नका. आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन यांची घड्याळे 105.012 होती.

• आल्ड्रिनचे खुद्द घड्याळ सापडल्याच्या गोष्टी ऐकत बसू नका. संग्रहालयाच्या वाटेवर हरवलेले ते घड्याळ शोधणारे पुष्कळ, दाखवणारे त्याहून पुष्कळ.

• 105.003 ला ‘एड व्हाइट’ म्हणतात म्हणून त्याला अंतराळवीराची किंमत देऊ नका. 3 जून 1965 च्या अंतराळचालीत ते अंतराळवीर एड व्हाइट यांच्या हातावर होते, तुमच्या विक्रेत्याच्या नव्हे.

• झाकणातला क्रमांक हा पुरावा मानून थांबू नका. झाकण म्हणजे अदलाबदलीला सर्वांत सोपा भाग.

• उलट, झाकणावर चंद्राचा मजकूर आहे एवढ्यावरून घड्याळ 1969 नंतरचे ठरवू नका. जुन्या केसला नवे झाकण लागलेले असू शकते.

• कंपनीच्या अभिलेखातला उतारा मिळाला म्हणून डोळे मिटू नका. तो मशीनच्या क्रमांकावर बेतलेला असतो, तबकडी, काटे आणि बेझल यांची हमी देत नाही.

• मोठ्या लिलावातली किंमत म्हणजे अस्सलपणा असे समजू नका. 2021 मध्ये जिनिव्हात 31 लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेलेले CK2915 जुळवाजुळव केलेले असल्याचे 2023 मध्ये उघड झाले.

• नव्वदवर बिंदू दिसला की हुरळून जाऊ नका. तसल्या बेझल सुट्या विकल्या जातात, आणि 2021 पासूनच्या नव्या स्पीडमास्टरवरही बिंदू पुन्हा तिथेच आहे.

• रुंद बाणाचे काटे पाहून 1957 म्हणू नका. 2017 मध्ये कंपनीने तेच काटे आणि तोच 38.6 मिलिमीटरचा व्यास घेऊन पुनरावृत्ती काढली.

• सरळ कान आणि 321 मशीन एवढ्यावर 105.003 म्हणू नका. 2020 च्या पुनरावृत्तीत दोन्ही आहेत, फक्त बेझल सिरॅमिकची आणि मागचे झाकण पारदर्शक.

• 39 मिलिमीटरच्या ‘रिड्यूस्ड’ला जुने छोटे स्पीडमास्टर समजू नका, ते 1988 पासूनचे स्वयंचलित घड्याळ आहे आणि त्याची चावी बटणांच्या रेषेत नसते.

• मार्क टू, मार्क थ्री यांना याच वंशावळीत बसवू नका. नाव स्पीडमास्टरच, पण केस वेगळी आणि संग्राहकही वेगळे.

• केशरी सेकंदकाट्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका, जोवर घड्याळ 145.012-67 आणि मशीनचा क्रमांक योग्य पट्ट्यातला ठरत नाही. ‘अल्ट्रामन’ या टोपणनावाने विकायला सुटा काटा पुरतो.

• लाल-करड्या ‘रेसिंग’ तबकडीचे फोटो पाहून सौदा करू नका. छपाई भिंगाखालीच कळते.

• ‘ट्रॉपिकल’ या गोड शब्दाला भुलू नका. उन्हाने तपकिरी झालेली तबकडी वेगळी आणि ओलीने खाल्लेली वेगळी.

• नव्याने रंगवलेली तबकडी पत्करू नका. मुंबईच्या जुन्या बाजारात एचएमटी आणि सेको चकाचक करून विकणारा हात ओमेगाही तितक्याच सफाईने रंगवतो.

• ‘टी’ नसलेली स्वच्छ तबकडी 105.012 मध्ये दिसली तर तिला अस्सल म्हणू नका; ती दुरुस्तीत बसवलेली नंतरची तबकडी असते.

• CK2915 किंवा सुरुवातीच्या CK2998 चा लेप खरवडू नका, फुंकू नका; तो रेडियमचा आहे आणि त्याची धूळ श्वासात जाते.

• केस पॉलिश करून देऊ नका, घेऊही नका. वळणदार कानांची धार एकदा गेली की आवृत्ती ओळखायची खूणच जाते.

• पिवळा लेप खरवडून नवा भरू नका; रात्री वेळ बघायला मोबाइल आहे.

• कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात घड्याळ देताना ‘काटे, तबकडी आणि बेझल बदलू नये’ हे लिहून दिल्याशिवाय देऊ नका. नवे भाग बसले की आवृत्ती संपली.

• बदललेले जुने भाग तिथेच सोडून येऊ नका. ओरखडलेल्या जुन्या बेझलची किंमत दुरुस्तीच्या बिलाहून जास्त निघू शकते.

• पाण्यात घालू नका, पावसातही नको. जुन्या रबरी कड्यांवर विश्वास ठेवणारा पहिल्याच पावसाळ्यात तबकडी गमावतो.

• ‘एकदाही न उघडलेले’ हे कौतुक म्हणून ऐकू नका. ते खरे असेल तर तेल कधीच वाळले आहे, आणि खोटे असेल तर बाकीचेही खोटे आहे.

• झाकण उघडायला नकार देणाऱ्याशी भावाची घासाघीस करू नका. उठा आणि निघा.