मोशीच्या ट्रॅफिकमध्ये एनएस की आरएस?

प्रश्न : मी भोसरीला राहतो. चाकण एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आहे. पल्सर घ्यायची ठरलंय, पण एनएस 200 की आरएस 200 हे ठरत नाही. मित्र म्हणतात, आरएसचं इंजिन दमदार, एनएस साधी. काय करू?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : मित्रांचा गैरसमज झालाय. दोन्ही गाड्यांचं इंजिन मुळात एकच, 199.5 सीसी, ताकद साधारण 24.5 पीएस. आरएसवर फेअरिंग (पुढचं आणि बाजूचं प्लास्टिकचं आवरण) आहे, हँडल वेगळं आहे आणि वजन थोडं जास्त. फेअरिंगचा खरा फायदा हायवेवर ऐंशीच्या पुढे, वारा छातीवर येत नाही तेव्हा. तुमच्या वाटेवर मोशी ते चाकण तुम्ही ऐंशीने कधी गेलात? तिथे क्लच दाबून पहिल्या-दुसऱ्यातच जीव जातो. कंटेनरच्या कडेने गाडी काढायला एनएसचं हँडल बरं. आरएसचं हँडल फार खाली नाही, तरी नाइट शिफ्टनंतर मनगटं बोलू लागतात.

खर्चाचंही बघा. उभ्या जागी गाडी कलंडली तरी फेअरिंगला तडा जाऊ शकतो, आणि साध्या विम्यात प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. आरएस घेतलीत तर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, घ्याच.

दर शनिवार-रविवारी लांब पल्ला मारणार असाल तर आरएस जरूर घ्या, हौसेलाही मोल असतं. नाहीतर एनएस. टेस्ट राइड मात्र शोरूमभोवती नको, संध्याकाळी शिफ्ट सुटताना गर्दीत मागा.