शिट्टी माझ्या मिक्सरमधून आली नव्हती

उत्तम शुक्रवारच्या उपासनेत जी शिट्टी वाजली, ती माझ्या मिक्सरमधून आली नव्हती. हे मी पंचांच्या बैठकीत सांगितलं, पाळकसाहेबांना फोनवर सांगितलं, आणि ‘आता जाऊ द्या हो’ एवढंच उत्तर मिळालं. म्हणून सविस्तर लिहितो. दुसऱ्या कुठल्या मंडळीत मिक्सरवर बसणाऱ्याचा तरी उपयोग होईल.

बारा ते तीनची उपासना. सात उद्गार, सात वक्ते, मध्ये गायनवृंदाची गीतं. आमचं मंदिर जुनं, दगडी, उंच छताचं. तिथे टाळी वाजवली तर ती विरायला वेळ लागतो. त्यात एप्रिलचा उकाडा, सगळे पंखे चालू, खिडक्या उघड्या. अशा जागी शेवटच्या बाकावरच्या आजींना प्रत्येक शब्द कळावा म्हणून मी अकरा वर्षं मागच्या टेबलाशी बसतो आहे. पैसे कधी मागितले नाहीत.

कीबोर्डवर त्या वर्षी नवा मुलगा होता. हात चांगला, त्याबद्दल वाद नाही. गुरुवारच्या सरावाला म्हणाला, “काका, मी फक्त वाजवणार, गाणार नाही. माझी एकच लाइन घ्या.” मी घेतली. शुक्रवारी तो स्वतःचा छोटा अ‍ॅम्प घेऊन आला आणि फुलांच्या कुंड्यांमागे ठेवून मोकळा झाला. मला सांगितलं नाही. माझ्या टेबलावरून तो कोपरा खांबाआड जातो.

साडेअकरापासून स्पीकरमध्ये घरघर येत होती. मी पुलपिटची केबल बदलली, पेटीच्या माईकची बदलली, एकेक चॅनेल बंद करून पाहिला. कीबोर्डचा चॅनेल बंद केला की घरघर थांबायची. खूण करून त्याला विचारलं, तर त्यानं नुसती मान हलवली. अ‍ॅम्प वेगळ्या सॉकेटवर आणि त्यातूनच साध्या जॅकनं माझ्याकडे लाइन, असं जोडलं की दोन ठिकाणच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे ही घरघर येतेच. पण अ‍ॅम्प आहे हेच मला माहीत नव्हतं.

चौथा उद्गार एक निवृत्त शिक्षिका बाई सांगत होत्या. त्यांचा आवाज बारीक आहे, पण त्या दिवशी मंदिर इतकं शांत होतं की त्या कुजबुजल्या असत्या तरी पोहोचलं असतं. आणि शिट्टी सुरू झाली. मी पुलपिटचा फेडर खाली ओढला. शिट्टी चालू. गायनवृंदाचे, कीबोर्डचा, सगळे ओढले. चालू. शेवटी मास्टर शून्यावर आणला. खांबांवरचे स्पीकर बंद झाले, बाईंचा आवाज गेला, आणि शिट्टी मात्र तशीच. सगळं बंद असताना मंदिरात काहीतरी किंचाळत होतं.

तेव्हा मी खुर्चीवरून उठून खांबाच्या बाजूनं वाकून पाहिलं. कीबोर्डवाल्या मुलासमोर स्टँडवर एक माईक होता आणि त्याची वायर माझ्याकडे येत नव्हती, कुंड्यांमागे जात होती. त्यानं डावा हात मागे नेला, काहीतरी फिरवलं, आणि शिट्टी थांबली. त्याच क्षणी त्यानं माझ्याकडे बघून बोट केलं. पुढच्या बाकांवरची माणसं वळली ती माझ्याकडे. पुलपिटवरून सूचना आली, ‘साउंडवाल्या भावांनी कृपया लक्ष द्यावं.’ मी मास्टर वर नेला आणि खाली बसलो. बाईंना पुन्हा सूर सापडला नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. प्रत्येक चॅनेल वेगळा साठवतो, म्हणून स्पष्ट कळलं. कीबोर्डच्या लाइनमध्ये, जिथे फक्त कीबोर्ड असायला हवा होता, तिथे त्याचं गुणगुणणं होतं आणि मग शिट्टी. पुलपिटच्या माईकमध्ये ती लांबून आल्यासारखी, बारीक. मी ते पंचांना ऐकवलं. अर्धंच ऐकलं त्यांनी. ईस्टरला भाड्याची सिस्टीम आणायचं आधीच ठरलं होतं. त्या मुलानं आजवर ‘काका, चुकलं’ एवढं म्हटलेलं नाही.

आता जे शिकलो ते.

उपासनेआधी अर्धा तास स्वतः स्टेजवर चालत जा. टेबलावरून दिसतं त्यावर विसंबू नका. प्रत्येक वायर हातात धरून विचारा, ही कुठे जाते? एकही माईक किंवा अ‍ॅम्प मिक्सरला वळसा घालून चालू असता कामा नये. हा नियम पंचांकडून लेखी घ्या, तोंडी कुणी पाळत नाही.

सगळं खाली आणूनही शिट्टी चालू राहिली तर बटणं फिरवत बसू नका. दोष तुमच्या हाताबाहेर आहे. सरळ उठा आणि स्टेजकडे जा. मी बसून राहिलो ते सेकंद मला अजून परत हवे आहेत.

कीबोर्डसाठी डीआय बॉक्स घ्या, त्यावरच्या ग्राउंड लिफ्टनं घरघर जाते. ती घालवायला प्लगची अर्थची पिन मात्र कधीही कापू नका. त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

जो बोलत नाही त्याचा माईक बंद ठेवा. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक साधारण ३ डेसिबलनं घटते. दोनाचे आठ झाले तर ६ डेसिबल गेले. गायनवृंद बसला की त्याचे सगळे फेडर खाली.

वक्त्याला माईकजवळ आणा, आवाज वाढवू नका. वीतभर अंतर निम्मं केलं तर जवळपास ६ डेसिबल फुकट मिळतात. पण आपल्या उपासनेत ‘प्रभू’, ‘पिता’, ‘पवित्र आत्मा’ हे शब्द सतत येतात आणि प्रत्येक ‘प’ माईकवर आदळतो. म्हणून माईक ओठांसमोर नको, हनुवटीच्या बाजूनं थोडा तिरका लावा आणि १०० हर्ट्झखालचं कापा. गाणाऱ्यांना जाळी मुठीत धरू देऊ नका, मागून येणारा आवाज टाळायची माईकची ताकदच त्यानं जाते.

रिकाम्या मंदिरातला सराव खरा मानू नका. माणसं भरली की घुमणं कमी होतं. पहिल्या गीताला शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन ऐका.

मिक्सर आधी सुरू, अ‍ॅम्प शेवटी; बंद करताना उलट. जादा केबल आणि बॅटरी जवळ ठेवा. संयम ठेवा, प्रार्थना करून बसा.

आणि रेकॉर्डिंग करा, दर रविवारी. लोक ऐकणार नाहीत कदाचित, पण तुम्हाला तरी कळेल की चूक कुणाची होती. माझी असती तर मी त्याच दिवशी बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली असती. माझी नव्हती, तरी मी गेलो. बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, “तो भाग मला परत सांगायचाय.” पुढच्या उत्तम शुक्रवारी त्यांचा माईक मीच लावणार आहे. कुंड्यांमागे आधी बघून.