टॉवर आणि रक्त



सातपुड्यातील एका पाड्यावर एका वडिलांनी मला विचारले, "ताई, मोबाईलच्या टॉवरने पोरांचं रक्त आटतं का?" त्यांचा चार वर्षांचा मुलगा सारखा आजारी, हातपाय दुखतात म्हणून रडणारा, डोळे पिवळसर. टॉवर हटवण्याचा अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता. मुलाचे रक्त तपासायला मात्र नकार.

रक्त आणि जीव यांचे नाते लेवीयच्या 17 व्या अध्यायातून आपल्याला ठाऊक आहे. हे रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी. सतत वाढणाऱ्या या कोवळ्या पेशींना काही किरणांचा फार लवकर फटका बसतो. हिरोशिमा-नागासाकीत बाँबमधून वाचलेल्यांत पुढे रक्ताचा कर्करोग वाढला. तेव्हा वडिलांची भीती वेडगळ नव्हती.

पण सगळे किरण सारखे नसतात. बाँबचे किंवा एक्स-रेचे किरण पेशीतला डीएनए तोडतात. टॉवरच्या सूक्ष्मलहरींत तेवढी ताकद नसते, त्या मुख्यतः उष्णता देतात. अंग तापेल इतक्या तीव्र लहरी सोडल्यावर प्रयोगातल्या प्राण्यांच्या रक्तपेशींत बदल दिसले आहेत. टॉवरपासून घरापर्यंत पोचणाऱ्या लहरी त्या मानाने फारच क्षीण. शिवाय 2012 मध्ये आपल्या देशातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' म्हटले, हेही मी त्यांना सांगितले. तो संशय मुख्यतः कानाला फोन लावण्याचा आणि मेंदूतल्या गाठींचा होता.

मला शंका सिकलसेलची होती. त्यात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि 120 दिवसांऐवजी 10 ते 20 दिवसांतच फुटते. डोळे पिवळे होतात ते त्यामुळे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. खरी अडचण इथेच होती. टॉवरला दोष देणे सोपे, आपल्याच रक्तातून आले हे ऐकणे जड. मुलाची आई तर मान खाली घालून बसली. दोष कुणाचाच नाही, हे मला तीन भेटींत पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

बोटातल्या थेंबभर रक्ताची पहिली चाचणी पाड्यावरच होते. पक्के निदान प्रयोगशाळेत. चौथ्या भेटीत तिघांनीही बोट पुढे केले.

टॉवरचा अर्ज मात्र वडिलांनी अजून फाडलेला नाही.